अष्टूरचा मान

खटकचिंचोळी हे भालकी तालुक्यातले गाव. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले आणि त्यासोबत जुना बीदर जिल्हाही फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद, औराद आणि खुद्द बीदर म्हैसूर राज्याकडे आले. सोयरिकी मात्र दोन्हीकडच्या राहिल्या. म्हणून इकडे घरात मराठी, कचेरीत कानडी आणि बाजारात दखनी, असा तिन्ही भाषांचा राबता आहे. एकाच माणसाच्या तोंडी दिवसभरात तिन्ही येतात आणि त्याचे कुणाला अप्रूप वाटत नाही. या मुलखाचे मोठे शहर बीदर, आणि बीदरचे मर्म कळायचे असेल तर किल्ल्याच्या आधी अष्टूरला जावे, असे माझे मत आहे.

अष्टूर बीदरच्या पूर्वेला, शहरापासून तीनेक किलोमीटरवर आहे. शेतांच्या मधोमध बहमनी सुलतानांचे घुमट ओळीने उभे आहेत. हुमायूनशहाच्या घुमटावर वीज पडली आणि तो उभा चिरफाळला. आज अर्धी कमान आणि अर्धा घुमट आभाळाकडे उघडा पडलेला दिसतो. त्याच्यासमोर बहुतेक लोक छायाचित्रे काढतात. पण थांबायचे ते अहमदशहा वलीच्या कबरीपाशी.

अहमदशहा १४२२ मध्ये गादीवर आला आणि १४३६ मध्ये वारला. गुलबर्ग्याची राजधानी त्यानेच बीदरला आणली. दुष्काळात त्याने माळावर उभे राहून पावसासाठी दुआ मागितली आणि पाऊस कोसळला, म्हणून लोक त्याला 'वली' म्हणू लागले, अशी कथा इतिहासकार फरिश्त्याने लिहून ठेवली आहे. दख्खनमधल्या रयतेला राजाचे संतपण पटते ते पावसातूनच, हे इथल्या कोरडवाहू जमिनीत ज्याचे आयुष्य गेले त्याला सांगावे लागत नाही.

सुलतानाची ओढ इराणकडे होती. किरमाणजवळच्या माहानमध्ये शाह निमतुल्ला वली नावाचे सूफी राहत. अहमदशहाने त्यांना बीदरला येण्याचे आमंत्रण धाडले. ते स्वतः आले नाहीत. त्यांनी आधी हिरवा ताज पाठवला आणि पुढे आपला नातू पाठवला. १४३१ मध्ये शाह निमतुल्ला गेले, तेव्हा त्यांचे पुत्र खलीलुल्ला बीदरला आले. खलीलुल्लांची अष्टकोनी कबर, 'चौखंडी', अष्टूरच्या वाटेवरच आहे, आणि तिच्या दारावरचे काळ्या दगडातले सुलेखन शिराजच्या मुघीसचे आहे. व्यवहार एकतर्फी नव्हता. माहानला शाह निमतुल्लांच्या कबरीवर जो घुमट आहे, तो या दख्खनच्या सुलतानाच्या पैशातून उभा राहिला. इराणी सूफीची कबर बांधायला बीदरचा खजिना गेला आणि बीदरच्या सुलतानाची कबर रंगवायला इराणी हात आले.

ते रंग आजही आत आहेत. बाहेरून घुमट साधा, जाड भिंतींचा. आत पाऊल टाकले की प्रथम फक्त अंधार. मग राखणदार दाराशी आरसा धरून उन्हाचा कवडसा भिंतीवर फिरवतो, आणि त्या कवडशाखाली शेंदरी, निळा आणि सोनेरी रंग उमलत जातात. वेलबुट्टी, तारे आणि त्यांच्यामधून अक्षरांच्या ओळी, ज्यांत शाह निमतुल्लांची गुरुपरंपरा लिहिली आहे. धूर आणि ओल यांनी कितीतरी भाग काळवंडला आहे. राष्ट्रीय संरक्षित स्मारक असले तरी भिंतीवरचे हे रंग फार नाजूक आहेत. त्यांना हात लावू नये, आणि लावणाऱ्याला आपण अडवावे.

होळी सरली की काही दिवसांनी इथे उरूस भरतो. बहुतेक दर्ग्यांचे उरूस हिजरी महिन्यांवर चालतात. हिजरी वर्ष आपल्या वर्षाहून सुमारे अकरा दिवस तोकडे असल्याने ते उरूस ऋतू बदलत मागे सरकतात. अष्टूरचा उरूस मात्र हिंदू पंचांगावर चालतो, त्यामुळे तो उन्हाळ्याच्या तोंडाशीच राहतो. कलबुर्गी (जुने गुलबर्गा) जिल्ह्यातल्या आळंद तालुक्यातल्या माड्याळ गावचे जंगम, म्हणजे लिंगायतांचे गुरू, आपल्या अनुयायांसह त्यासाठी येतात. डोक्यावर दरवेशाची असावी तशी उंच टोपी. शंख फुंकला जातो, कबरीवर फुले वाहिली जातात, नारळ फुटतो. तिथेच फातिहाही पढला जातो. लिंगायत भाविक अहमदशहाला अल्लमप्रभूंचा अवतार मानतात. बाराव्या शतकात कल्याणीच्या अनुभवमंटपात शून्यपीठावर बसलेले ते अल्लमप्रभू, आणि पंधराव्या शतकातला हा सुलतान. मधली तीन शतके भक्तीला आड आली नाहीत.

आज जगातल्या कितीतरी शहरांत आशियाई वारशाचे आणि बहुसांस्कृतिक कलांचे महोत्सव होतात. प्रत्येक समाजाला व्यासपीठावर काही मिनिटे मिळतात. तो आपला पोशाख, आपला नाच, आपले वाद्य दाखवतो आणि पुढच्याला जागा करून देतो. बीदरच्या किल्ल्यातही 'बीदर उत्सव' झाला आहे आणि असे उत्सव व्हायलाच हवेत. पोरांना शेजाऱ्याचे गाणे तिथे पहिल्यांदा कानावर पडते. पण अष्टूरची रीत याहून खोल जाते, कारण इथे दुसऱ्याला मान आहे. जत्रेत पालखीचा, काठीचा, पहिल्या नारळाचा मान असतो, तसा. मान हा हक्कही असतो आणि जबाबदारीही. मानकरी आला नाही तर कार्य अडते, म्हणून सगळे त्याची वाट पाहतात. माड्याळचे जंगम अष्टूरला पाहुणे म्हणून येत नाहीत. दर्गा त्यांचाही आहे, आणि हे ठरवायला कुठली सभा भरावी लागली नाही.

मराठी माणसाला बीदर परके वाटू नये, याची सोय आपल्या संतकथांनी कधीच केली आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे लुटवली आणि पांडुरंग विठू महाराच्या रूपाने धान्याची किंमत भरायला गेला, ती कथा आपण कीर्तनात ऐकलेली असते. तो गेला तो बेदरलाच, म्हणजे बीदरला, याच बहमनी दरबारात. बहमनी घराण्यातले मानले जाणारे शहा मुंतोजी तर कल्याणीच्या सहजानंदांचे शिष्य होऊन 'मृत्युंजय' झाले आणि त्यांनी मराठीत 'सिद्धसंकेत प्रबंध' लिहिला. रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवरच्या आपल्या पुस्तकातून अशा कवींची ओळख नव्याने करून दिली. राजवंशाच्या फारशीतून निघून मराठी अध्यात्मात स्थिरावलेला हा माणूस आपल्या पाठ्यपुस्तकात असायला हवा होता, असे मला फार वाटते.

हे सगळे गोडीगुलाबीने घडले, असे कुणी समजू नये. बहमनी दरबारात दखनी आणि 'आफाकी', म्हणजे इराण-तुराणातून आलेले, यांच्यात रक्तरंजित वैर होते. गिलानहून आलेला महमूद गवान वजीर झाला. १४७२ मध्ये त्याने बीदरला मदरसा बांधला, ज्याच्या दर्शनी भिंतीवरच्या निळ्या-पिवळ्या फरशांचे तुकडे अजून चमकतात. १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या कटात याच गवानचे डोके उडवले गेले. अलीकडे यायचे तर हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस कारवाईनंतर सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हिंसा झाल्याचे नोंदवले, त्यांत बीदर आणि गुलबर्गा दोन्ही होते. माड्याळ एका जिल्ह्यात, अष्टूर दुसऱ्यात. हे लक्षात घेतले म्हणजे या उरुसाची किंमत कळते.

इथल्या जत्रांची पंधराव्या शतकातली साक्ष एका रशियन व्यापाऱ्याने दिली आहे. त्वेर शहराचा अफानासी निकितिन बीदरला राहिला, आपला घोडा त्याने इथेच विकला. बीदरपासून बारा कोसांवर आळंदला पीर अलाउद्दीनच्या नावाने वर्षातून एकदा दहा दिवस बाजार भरतो आणि तिथे वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येतात, असे त्याने लिहिले. आळंदचा लाडले मशायख दर्गा आजही गजबजलेला असतो.

हातांच्या कलेत ही सरमिसळ आणखी दाट दिसते. बिदरी कामाचा साचा मातीचा, धातू जस्त आणि थोडे तांबे, नक्षी चांदीच्या तारेची. पण काळा रंग येतो तो बीदरच्या जुन्या किल्ल्यातल्या मातीने. नवसागर घालून ती माती पाण्यात उकळतात आणि भांड्यावर चोळतात. धातू गडद काळा होतो, चांदी तशीच लखलखत राहते. रीत इराणकडून आली असे सांगतात, माती मात्र इथलीच लागते. २०२३ मध्ये शाह रशीद अहमद कादरी या बिदरी कारागिराला पद्मश्री मिळाली.

आणि मग माणिकनगर. हुमनाबादला खेटून असलेले हे संस्थान खटकचिंचोळीच्या माणसाला बीदरइतकेच जवळचे. १८१७ मध्ये दत्तजयंतीला जन्मलेल्या माणिकप्रभूंनी 'सकलमत' संप्रदाय सांगितला. कुठल्याच मताला खोटे म्हणायचे नाही, हा त्याचा गाभा. त्यांची पदे मराठी, कानडी, संस्कृत आणि हिंदी-उर्दूतही आहेत. एका संताने एवढ्या भाषांत गावे याचे कारण सोपे आहे: समोर बसलेले भक्तच तितक्या भाषांचे होते. दत्तजयंतीच्या उत्सवात तिथे दरबार भरतो आणि रागदारीची हजेरी लागते. गवयाची जात आणि धर्म तिथे विचारत नाहीत, गळा ऐकतात.

जायचे असेल तर बीदरला रेल्वे आहे. भालकीवरूनही गाडी जाते. बीदरहून अष्टूरला रिक्षा मिळते. रंग पाहायचे असतील तर ऊन चांगले असताना जावे, कारण आरशाला ऊन लागते. वाटेत चौखंडीला उतरावे, ते चुकवू नये. उरूस पाहायचा तर होळीनंतरची तारीख आधी विचारून घ्यावी, माणिकनगरसाठी मार्गशीर्ष पौर्णिमा धरावी. उरुसात कबरीपाशी गर्दी असते, तेव्हा डोके झाकायला रुमाल आणि वाहायला फुले सोबत असावीत.