उंदराच्या पापण्यांपासून प्रयोगशाळेतील कुपीपर्यंत

पेशींवर संशोधन करणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेचे शीतकपाट उघडले, तर त्यात बोटाच्या पेराएवढ्या काही कुप्या हमखास आढळतात. कुपीच्या तळाशी पांढऱ्या भुकटीचा पातळ थर असतो. कित्येकदा तो नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. लेबलावर ‘मानवी’ असा शब्द असतो आणि त्याच लेबलावर सूचनाही असते : ‘केवळ संशोधनासाठी; माणसांवर वापरू नये’. जे प्रथिन माणसाच्या शरीरात जन्मभर तयार होत असते, तेच कुपीत आल्यावर माणसाला वर्ज्य का ठरावे? याचे उत्तर या प्रथिनाच्या शोधात, निर्मितीत आणि मुख्य म्हणजे त्याच्या कामात दडलेले आहे.

हे प्रथिन म्हणजे ‘एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर’, संक्षेपाने ईजीएफ. त्वचेच्या पेशींना वाढीचा संदेश देणारा घटक, असा त्याचा अर्थ सांगता येईल. त्याचा शोध काहीसा अनपेक्षितपणे लागला. १९५०च्या दशकात अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात इटालियन शास्त्रज्ञ रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या मज्जापेशींची वाढ घडवून आणणाऱ्या पदार्थाचा शोध घेत होत्या. तो पदार्थ वेगळा करण्याचे काम जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅनले कोहेन यांच्याकडे होते. उंदराच्या लाळग्रंथींत तो भरपूर प्रमाणात असल्याचे त्यांना आढळले. मात्र या ग्रंथींचा अर्क नवजात पिलांना टोचल्यावर एक वेगळाच परिणाम दिसला. एरवी जन्मानंतर सुमारे दोन आठवड्यांनी उघडणाऱ्या पिलांच्या पापण्या सातव्या दिवसाच्या सुमारासच उघडल्या. दातही लवकर आले. मज्जापेशींच्या वाढीशी याचा संबंध लागत नव्हता. अर्कात आणखी काहीतरी आहे, हे कोहेन यांनी ओळखले आणि १९६२ साली ते प्रथिन वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. लेव्ही-मोंताल्चिनी आणि कोहेन यांना १९८६ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

माणसातील ईजीएफ हाती यायला १९७५ साल उजाडले. त्याचा उगम होता मानवी मूत्र! ब्रिटनमधील संशोधक जठरातील आम्ल कमी करणाऱ्या, मूत्रात आढळणाऱ्या ‘युरोगॅस्ट्रोन’ या पदार्थाचा स्वतंत्रपणे अभ्यास करीत होते. त्याची रचना उलगडली तेव्हा हा पदार्थ आणि मानवी ईजीएफ एकच असल्याचे ध्यानात आले. अवघ्या ५३ अमायनो आम्लांची ही साखळी. त्यांपैकी ३७ अमायनो आम्ले उंदराच्या ईजीएफमध्येही त्याच जागी आहेत. पण मूत्रात हे प्रथिन इतके विरळ असते, की थोडेसे मिळवण्यासाठीही प्रचंड प्रमाणात मूत्र गाळावे लागे. अशा मार्गाने जगभरच्या प्रयोगशाळांची गरज भागणे अशक्यच होते.

ही अडचण जनुक अभियांत्रिकीने दूर केली. एका सजीवाचे जनुक दुसऱ्या सजीवात घालून कामाला लावण्याचे तंत्र हर्बर्ट बॉयर आणि स्टॅनले कोहेन यांनी १९७३ साली दाखवून दिले. (हे कोहेन स्टॅनफर्ड विद्यापीठाचे, ईजीएफवाल्या कोहेन यांच्याशी त्यांचे केवळ नाव जुळते.) याच तंत्राने १९७८ साली जिवाणूंकडून मानवी इन्शुलिन बनवून घेण्यात आले आणि १९८२ साली त्याला औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली. ईजीएफचीही निर्मिती अशीच होते. मानवी प्रथिनाचा आराखडा असलेला डीएनएचा तुकडा ई. कोलाय या जिवाणूत किंवा यीस्टमध्ये घालतात. मोठ्या पात्रात हे सूक्ष्मजीव वाढवले की त्यांच्याबरोबर ते प्रथिनही तयार होत जाते. अशा प्रथिनाला ‘रिकॉम्बिनंट’ म्हणतात.

खरे कसब यापुढे लागते. ईजीएफची साखळी तीन ठिकाणी गंधकाच्या बंधांनी स्वतःशीच जोडलेली असते आणि त्यामुळेच तिला तिचा नेमका आकार मिळतो. जिवाणूच्या पेशीत हे बंध सहजी जुळत नाहीत; प्रथिनाचा निरुपयोगी गोळा होऊन बसतो. तो विरघळवून साखळीची योग्य घडी पुन्हा घालावी लागते. मग वेगवेगळ्या स्तंभांतून गाळून इतर प्रथिने दूर करतात आणि शेवटी गोठवून, निर्वात स्थितीत वाळवून भुकटी करतात. ई. कोलायच्या आवरणातील एंडोटॉक्सिन हे विषद्रव्य लेशमात्र राहिले, तरी पेशी चाळवल्या जातात आणि प्रयोगाचे निष्कर्ष चुकतात. म्हणून त्याची निराळी चाचणी होते. प्रथिन शुद्ध असले तरी ते ‘जिवंत’ आहे का, हेही पाहावे लागते. त्यासाठी उंदराच्या ठरावीक पेशींना ते देऊन त्या किती वेगाने विभाजित होतात, याचे मोजमाप करतात. घडी चुकलेले प्रथिन वजनात पुरेपूर भरते, पण या परीक्षेत नापास होते.

एवढा खटाटोप कशासाठी? शरीराबाहेर काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीत पेशींना केवळ अन्न पुरवून भागत नाही. ‘आता विभाजित व्हा’ हा संदेशही द्यावा लागतो. पूर्वापार हे काम गर्भस्थ वासराच्या रक्तातील सीरम करीत आले आहे. परंतु सीरममध्ये असंख्य पदार्थांची सरमिसळ असते आणि प्रत्येक खेपेला तिचे प्रमाण बदलते. पुण्यातील प्रयोगाचा पडताळा बोस्टनमध्ये घ्यायचा, तर दोन्हीकडे पेशींना तोच संदेश तेवढ्याच प्रमाणात मिळायला हवा. शुद्ध ईजीएफमुळे ते साधते. एक मिलिलिटर द्रवात दहा-वीस नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागांत मोजावे इतके ईजीएफही अनेकदा पुरेसे होते.

या अल्पशा मात्रेने काय साधले? मानवी त्वचेच्या पेशी ईजीएफ दिल्यास प्रयोगशाळेत अधिक काळ वाढत राहतात, असे जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९७७ साली दाखवले. पुढे ग्रीन यांच्या तंत्राने वाढवलेल्या त्वचेचे रोपण करून ९५ टक्क्यांहून अधिक भाजलेल्या दोन लहान भावांचे प्राण वाचवण्यात आले. त्याचा वृत्तान्त १९८४ साली प्रसिद्ध झाला. २००९ साली नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने आतड्यातील एकाच मूळपेशीपासून इवल्याशा आतड्यासारखी रचना वाढवली. तिच्या पोषक द्रवातील मोजक्या घटकांत ईजीएफ होतेच.

मात्र वाढीचा संदेश देणारे प्रथिन हे दुधारी शस्त्र आहे. पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राही रेणूला ईजीएफ चिकटले की पेशीच्या आत विभाजनाची साखळी सुरू होते. कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूजन्य जनुकाचे प्रथिन म्हणजे याच ग्राही रेणूची खुंटलेली आवृत्ती आहे, हे १९८४ साली उघड झाले. कोणी घंटा वाजवलेली नसतानाही ती सतत वाजत राहावी, तसा हा प्रकार. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत हाच ग्राही रेणू बिघडलेला असतो. अमेरिकेत २००३ साली मान्यता मिळालेले जेफिटिनिब आणि पुढच्या वर्षी मान्यता मिळालेले एर्लोटिनिब ही औषधे नेमका याच रेणूला आवर घालतात. म्हणजे एकीकडे जो संदेश बशीतल्या पेशींना जगवतो, तोच थोपवण्यासाठी दुसरीकडे रुग्ण गोळ्या घेत असतो.

लेबलावरील सूचनेचे मर्म इथे आहे. वाढीचे घटक औषध होऊच शकत नाहीत, असे नाही. पीडीजीएफ या दुसऱ्या वाढकारक प्रथिनाच्या मलमाला मधुमेहींच्या पायावरील जखमांसाठी अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली. मात्र अधिक प्रमाणात मलम वापरणाऱ्यांमध्ये कर्करोगाने मृत्यूचा धोका वाढत असल्याच्या शंकेवरून २००८ साली त्यावर कडक इशारा छापण्यात आला. आणखी माहिती हाती आल्यावर पुढे तो मागेही घेण्यात आला. क्युबाने ईजीएफचेच इंजेक्शन अशा जखमांसाठी विकसित केले आणि भारतातही त्याचे बाह्य उपचाराचे औषध तयार झाले. या औषधांचा डोस ठरला तो रुग्णांवरील चाचण्यांतून. त्यांचे उत्पादन औषध कायद्याच्या देखरेखीखाली होते आणि वापरानंतरच्या दुष्परिणामांची नोंद ठेवली जाते.

संशोधनासाठीची कुपी यांपैकी कोणत्याही पायरीवरून गेलेली नसते. ती कदाचित ९५ टक्क्यांहून अधिक शुद्ध असेल. पण ती शुद्धता बशीतल्या पेशींच्या गरजेपुरती तपासलेली असते. कोणाच्या त्वचेखाली किती मात्रा, किती दिवस द्यावी आणि त्याच्या शरीरात आधीच एखादी बिघडलेली पेशी दबा धरून बसली असेल तर काय होईल, याचे उत्तर त्या लेबलावर नसते. ‘वाढकारक घटक’ हे शब्द आता सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींतही सर्रास दिसू लागले आहेत. अशा वेळी कोणता घटक, कशासाठी आणि कोणाच्या मान्यतेने, हे तीन प्रश्न ग्राहकाने विचारायलाच हवेत.