इंग्रजीत गोष्ट लिहायची आहे, पण आजी तर मराठीत बोलते. मग करायचं काय?

बेळगाव : खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावातून रोज बसने शहरातल्या कॉलेजला येणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. घरी मराठी, बसमध्ये आणि कचेरीत कन्नड, वर्गात इंग्रजी. आजीबद्दल सांग म्हटलं, की ती मैत्रिणीला मराठीत सांगते, ''आजी मे महिन्यात अंगणात खाटेवर सांडगे घालायची. कावळे येऊ नयेत म्हणून खाटेला काळी छत्री बांधायची. आणि कुणी एक सांडगा जरी उचलला, तरी आतून ओरडायची.'' हीच मुलगी इंग्रजीत लिहायला बसली, की कागदावर उतरतं : 'माय ग्रँडमदर वॉज अ व्हेरी लव्हिंग अँड हार्डवर्किंग लेडी.'

व्याकरण चोख आहे. पण सांडगे गेले, छत्री गेली, कावळे गेले आणि त्यांच्याबरोबर आजीही गेली. नाक्यावर गाडी अडवून निम्मा माल उतरवून ठेवावा, तसं झालं.

आपल्या भागात इंग्रजीत कथा-कविता लिहू पाहणारी मुलं आता कमी नाहीत. त्यांना वाटतं, आपलं इंग्रजी कच्चं आहे म्हणून गोष्ट जमत नाही. खरी गोम वेगळीच आहे. चुका दुरुस्त करता येतात. उतरवून ठेवलेला माल मात्र मागाहून कुणी आणून देत नाही. तेव्हा दुसऱ्या भाषेत गोष्ट लिहायला शिकणं म्हणजे आधी आपला माल शाबूत पलीकडे न्यायला शिकणं.

निबंधाचं इंग्रजी वेगळं, गोष्टीचं वेगळं

शाळेत इंग्रजी शिकवलं जातं ते परीक्षेसाठी. तिथे 'नेचर इज ब्यूटिफुल', 'मदर इज अ गॉडेस' असली तयार वाक्यं पाठ असली की मार्क मिळतात. जितकं गुळगुळीत, तितकं सुरक्षित. दहा-बारा वर्षं हीच सवय लागते आणि इंग्रजी म्हटलं की मोठ्या, ढोबळ शब्दांकडे हात जातो.

गोष्टीला असल्या शब्दांचा उपयोग नाही. 'लव्हिंग' म्हटल्यावर वाचकाला काहीच दिसत नाही. खाटेला बांधलेली काळी छत्री दिसते. आणि गंमत अशी, की 'ब्लॅक अंब्रेला' लिहायला 'हार्डवर्किंग'पेक्षा जास्त इंग्रजी लागत नाही. पाचवी-सहावीतले शब्द पुरतात. फक्त ते लिहिण्यासारखे आहेत, हे कुणी सांगितलेलं नसतं.

परीक्षेत नापास, पण लेखक झाले

आर. के. नारायण यांचं उदाहरण आपल्या मुलांना जवळचं वाटेल. घरी तमिळ, म्हैसुरात भोवताली कन्नड आणि लेखन इंग्रजीत. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत ते नेमके इंग्रजीत नापास झाले होते. 'स्वामी अँड फ्रेंड्स' ही त्यांची पहिली कादंबरी अनेक प्रकाशकांनी परत पाठवली. शेवटी ग्रॅहम ग्रीन या इंग्रज लेखकाच्या मदतीने ती १९३५ मध्ये छापली गेली. त्यांची वाक्यं साधी आहेत. मालगुडीतले शाळा, दुकान, स्टेशन हे सगळं मात्र अगदी बारकाव्यानिशी आहे.

परदेशातलं ठळक नाव जोसेफ कॉन्रॅड यांचं. १८५७ मध्ये पोलिश कुटुंबात जन्म. इंग्रजी शिकले ते वयाच्या विशीनंतर, ब्रिटिश जहाजांवर काम करता करता. पहिली कादंबरी १८९५ ची. उच्चार शेवटपर्यंत परकेच राहिले, तरी आज ते इंग्रजीतल्या मोठ्या कादंबरीकारांत गणले जातात.

कर्नाटकातल्याच हासनचे राजा राव यांनी १९३८ मध्ये 'कांतापुरा' लिहिली, तेव्हा प्रस्तावनेत हाच प्रश्न मांडला होता. भाषा आपली नाही, पण सांगायचं आहे ते मन आपलं आहे, असा त्याचा आशय. त्यांनी इंग्रजी वाक्यालाच गावात गोष्ट सांगणाऱ्या बाईचा श्वास दिला.

मराठीला तर ही वाट परकी नाही. कोल्हापुरात जन्मलेले अरुण कोलटकर दोन्ही भाषांत लिहीत. त्यांचा इंग्रजी संग्रह 'जेजुरी' १९७६ चा आणि त्याला पुढच्याच वर्षी कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं. त्यांच्याच 'भिजकी वही' या मराठी संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बडोद्यात जन्मलेले दिलीप चित्रे, कारवारचे विलास सारंग हेही दोन्ही भाषांतले. किरण नगरकरांची पहिली कादंबरी मराठीत, 'सात सक्कं त्रेचाळीस'. पुढे 'ककोल्ड' या इंग्रजी कादंबरीला अकादमीचा पुरस्कार. धारवाडात जन्मलेल्या शशी देशपांडे या कन्नड नाटककार श्रीरंगांच्या कन्या, लिहितात इंग्रजीत. साहित्य अकादमी ज्या २४ भाषांना मान्यता देते, त्यांत इंग्रजीही आहेच.

मराठी माणूस अडखळतो कुठे?

'अ' आणि 'द'. मराठीत अशी उपपदं नाहीत, म्हणून आपण ती अंदाजाने टाकतो. हिशेब असा, की वाचकाला नवी असलेली गोष्ट 'अ' घेऊन येते आणि त्याला माहीत असलेली 'द' घेऊन. 'अ मॅन केम टू द डोअर.' माणूस अनोळखी, दार कुठलं ते ठाऊक. एकदा हे कळलं, की त्याचा उपयोगही करता येतो. 'द बस वॉज लेट अगेन' अशी सुरुवात केली, की वाचक जणू रोज त्याच स्टॉपवर उभा असल्यासारखा गोष्टीत ओढला जातो.

काळ. आपण सहज म्हणतो, ''मी दार उघडलं आणि बघतो तर काय, मामा उभे!'' एकाच वाक्यात भूतकाळातून वर्तमानात उडी. मराठीत ती शोभते. इंग्रजीत नवख्याने अशी उडी मारली तर चूक वाटते. गोष्टीचा एक काळ ठरवावा आणि शेवटपर्यंत धरून ठेवावा. 'आय ॲम लिव्हिंग हियर सिन्स टू इयर्स' हीसुद्धा 'दोन वर्षांपासून राहतोय'ची सावली. इंग्रजीत ते 'आय हॅव बीन लिव्हिंग हियर फॉर टू इयर्स' होतं.

शब्दांच्या जोड्या. चहा 'कडक' म्हणून 'हार्ड टी' होत नाही, 'स्ट्राँग टी' होतो. पाऊस 'जोराचा' म्हणून 'स्ट्राँग रेन' होत नाही, 'हेवी रेन' होतो. याला नियम नाही, या जोड्या पाठच कराव्या लागतात. इथे इंग्रजी-मराठी कोशापेक्षा शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश कामाला येतो. असा पहिला मोठा कोश ए. एस. हॉर्नबी या जपानमध्ये शिकवणाऱ्या इंग्रज शिक्षकाने सहकाऱ्यांबरोबर केला आणि तो १९४२ मध्ये जपानमध्येच निघाला. आजची 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' ती हीच. म्हणजे ती मुळात आपल्यासारख्यांसाठीच आहे.

आजीला बोलू कसं द्यायचं?

सर्वांत अवघड काम संवादाचं. आजी इंग्रजीत बोलत नाही, पण गोष्टीत तिला बोलावं तर लागेल.

आधी नाती. आत्या, मावशी, काकू, मामी या सगळ्यांचं इंग्रजीत 'आंट' होतं आणि घरातलं अर्धं राजकारण तिथेच बुडतं. सरळ 'आत्या' लिहावं. पानाखाली अर्थ देण्याचीही गरज नाही. 'आत्या हॅड ग्रोन अप इन धिस हाउस. माय मदर हॅड ओन्ली मॅरीड इनटू इट.' एवढ्या वाक्यात अमेरिकेतल्या वाचकालाही नातं कळतं आणि नणंद-भावजयीतला ताणही.

मग 'तू' आणि 'तुम्ही'. इंग्रजीत दोन्हींना 'यू'. रागाच्या भरात पुतण्या काकाला 'तू' म्हणाला, तर मराठीत तोच गोष्टीचा कळस असतो. इंग्रजीत तो कृतीतून दाखवावा लागतो. तोवर प्रत्येक वाक्याला 'काका' म्हणणारा पुतण्या त्या दिवशी 'काका' म्हणत नाही आणि ते सगळ्यांच्या लक्षात येतं, असं लिहिता येईल.

राहिल्या म्हणी. काही जशाच्या तशा पलीकडे जातात. 'क्रोज आर कॉइंग इन माय स्टमक' वाचून भूक लागलीय हे कुणालाही कळेल, वर हसूही येईल. पण 'हात टेकले'चं 'आय रेस्टेड माय हँड्स' केलं, तर माणूस दमून बसला असंच वाटेल. चाचणी सोपी आहे. चित्र स्वतःच्या पायावर उभं राहत असेल तर न्यावं, नाहीतर साधं सांगावं. नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांनी १९५८ च्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीत आपल्या इग्बो भाषेतल्या म्हणी अशाच निवडून इंग्रजीत आणल्या.

रोज अर्धा तास, एक वही

शिकायला मोठा क्लास लागतोच असं नाही. इग्नूचा इंग्रजी सर्जनशील लेखनाचा पदविका अभ्यासक्रम दूरशिक्षणाने करता येतो. ज्यांना चौकट हवी त्यांनी प्रवेशाची चौकशी करावी. बाकीच्यांना पुढचा सराव घरीच जमेल.

पहिलं, आठवण मराठीत मोठ्याने सांगा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. ती ऐकताना त्यात आलेल्या वस्तू, वास, आवाज, कुणाचं वाक्य यांची यादी करा. दहा गोष्टी निघतील. मग इंग्रजीत लिहा आणि यादीशी ताळा करा. दहापैकी किती पलीकडे पोहोचल्या? सुरुवातीला तीन पोहोचतील. हिशेबाच्या वहीसारखं हे रोज लिहून ठेवलं, की महिन्याभरात फरक दिसतो.

दुसरं, एक छोटी इंग्रजी कथा तीनदा वाचा. आधी मजेसाठी, मग फक्त क्रियापदं बघत, मग फक्त संवाद बघत. दहा कथा एकदा वाचण्यापेक्षा हे जास्त शिकवतं.

तिसरं, वहीत सुटे शब्द उतरवू नका, अख्खी जोडी किंवा अख्खं वाक्य उतरवा.

चौथं, लिहिलेलं आठवडाभर बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडते, तिथे वाक्य अडलेलं असतं. दोन जणांना दाखवा, एक गाव ओळखणारा आणि एक गाव अजिबात न ओळखणारा. पहिला खोटं पकडेल, दुसरा न कळलेलं दाखवेल.

हल्ली व्याकरण सुधारणारी ॲप आणि एआय हाताशी आहे. इथे चूक का झाली, असं त्याला जरूर विचारावं. पण 'छान करून दे' म्हणून अख्खी गोष्ट त्याच्या हवाली केली, की ते बहुधा सगळं इस्त्री करून देतं. छत्रीची जागा पुन्हा 'लव्हिंग'ला जाऊ शकते.

मग मराठीचं काय?

हा प्रश्न सीमाभागात विचारला जाणारच, आणि तो रास्त आहे. केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांनी आधी इंग्रजीत कादंबऱ्या लिहिल्या, पण १९७७ च्या अखेरीस तुरुंगात गेल्यावर टॉयलेट पेपरवर आपल्या गिकुयू भाषेत कादंबरी लिहिली आणि पुढे तीच भाषा धरली. आपल्याकडे, बेळगाव जिल्ह्याशी नाळ असलेले जी. ए. कुलकर्णी धारवाडात अनेक वर्षं इंग्रजी शिकवत राहिले, कथा मात्र मराठीत लिहिल्या. इंग्रजी येणं म्हणजे इंग्रजीतच लिहिणं, असा काही कायदा नाही.

पण जिला इंग्रजीत लिहायचं आहे, तिच्यासाठीही मराठी ही अडचण नव्हे, ती कोठी आहे. सांडगा हा शब्द ठाऊक नसता, तर सांगायला उरलं काय असतं? ज्या घरात मराठी पातळ होत जाते, त्या घरातल्या मुलाच्या इंग्रजी गोष्टीतली माणसंही पातळ होतात. म्हणून इंग्रजी लिहू पाहणाऱ्यानं मराठी वाचणं सोडू नये, आणि आजी आहे तोवर तिच्याजवळ बसून ऐकणं तर मुळीच सोडू नये.

त्या मुलीचं वाक्य पुन्हा लिहायचं झालं, तर असं होईल : 'एव्हरी मे, आजी टाइड अ ब्लॅक अंब्रेला टू द कॉट टू कीप द क्रोज ऑफ हर सांडगे.' पहिल्या वाक्यापेक्षा यात अवघड काहीच नाही. फक्त आजी परत आली आहे.