खंड्याची चूक नव्हती

माणूस गेला की चार लोक भेटायला येतात. कुत्रं गेल्यावर कोण येणार? पण आमचा खंड्या गेला तेव्हा गावातली माणसं माझ्या ओसरीवर येऊन बसून गेली.

गोष्ट २०१६ च्या उन्हाळ्यातली. दुष्काळाचे दिवस. शेततळ्याची पाहणी करून परतत होतो, तर एक गुराखी पोरगा आडवा आला. "सायेब, हिरीत कुत्र्याचं पिल्लू पडलंय. रात्रीपासनं वरडतंय." विहिरीला कठडा नव्हता. तळाशी वीतभर पाणी आणि कपारीत ते पिल्लू. दोराला पाटी बांधली, एक गडी खाली उतरला आणि पिल्लू वर आलं. तांबूस रंग, एक कान फाटलेला. एका रात्रीपुरतं घरी नेलं, ते आठ वर्षं राहिलं.

तीन महिन्यांचा झाल्यावर त्याला रेबीजची लस टोचून आणली. पुढं दरवर्षी ती चुकवली नाही. खंड्या माझ्याबरोबर शिवारात यायचा. मी पिकात शिरलो की हा बांधावर बसून राहायचा, पिकात पाय ठेवायचा नाही. पारावर सभा असली की माझ्याआधी तिथं हजर. शेतकरी चेष्टेनं म्हणायचे, "सायबापरीस खंड्या येळेवर येतोय."

२०२४ च्या जानेवारीत गव्हात उंदीर फार झाले. मी सभा घेतली. पहिले दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष ठेवा, मग ९६ भाग भरड, २ भाग गोडेतेल आणि २ भाग झिंक फॉस्फाईड काठीनं कालवून बिळात टाका, बिळाचं तोंड बुजवा, असं सगळं सांगितलं. उरलेल्या आमिषाचं काय करायचं, तेवढं सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी एका शेतात बिळं मोजत होतो. बांधावर कागदात उरलेली भरड तशीच पडली होती. तेलाचा वास आला, खंड्यानं खाल्ली. काही वेळानं तो ओकू लागला. तोंडाला लसणासारखा वास, धाप लागलेली. कुणीतरी म्हणालं, "दूध पाजा, इख उतरंल." मी स्वतः पाजलं. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की, हे विष पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फीन वायू तयार करतं. पोटात अन्न गेलं की आम्ल वाढतं. यावर नेमका उतारा नाही. दिवस मावळायला खंड्या गेला. दूध पाजलं नसतं तर वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही.

रात्री तो शेतकरी आला. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सायेब, पुडी माझी व्हती." मी म्हटलं, "सांगायचं माझं राहिलं होतं."

शेतकरी बंधूंनो, माझं राहिलेलं आज लिहितो. लागेल तेवढंच आमिष कालवा. उरलेलं आणि मेलेले उंदीर खोल खड्ड्यात पुरा. कालवायचं भांडं पुन्हा घरात वापरू नका. कुत्री, कोंबड्या, शेरडं त्या दिवशी बांधून ठेवा. जनावरानं विष खाल्लंच तर दूध, भाकरी काही न देता, विषाची पुडी सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. ओकारीतूनही वायू येतो, म्हणून जनावर उघड्यावर ठेवा आणि ओकारी हुंगू नका.

सरपंच, ग्रामसेवकांना विनंती की मोहिमेच्या आदल्या दिवशी दवंडी द्यावी. आमच्या गावात आता ती दिली जाते.

ज्या विहिरीतून खंड्याला काढलं, तिला मालकानं त्याच वर्षी कठडा बांधला होता. त्या कठड्याजवळच त्याला पुरलं. त्या वाटेनं गेलो की आजही गाडी आपोआप हळू होते.