दोन उपासना, एक देवघर

सकाळीं संध्या आटोपल्यावर जपजी वाचावा, सायंकाळीं हरिपाठानंतर सुखमनी म्हणावी, आणि यांत विसंगत असें कांहीं नाहीं असें मानावें, अशी वृत्ति असलेलीं घरें आपल्यांत आहेत. ती वृत्ति स्तुत्य आहे. परंतु दोन धर्मांच्या उपासना एकत्र आणतांना मर्यादा कोणती, हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाहीं. त्याच्यापायीं अनेक भाविकांस पिढ्यान् पिढ्या पूजिलेल्या ग्रंथाचा निरोप घ्यावा लागला आहे. ती हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सिंध प्रांतांतील हिंदु समाज बहुतांशीं नानकपंथी. केश न राखतां व खालशाची दीक्षा न घेतां हे लोक गुरु नानकांस आपले गुरु मानीत आले. त्यांच्या प्रार्थनामंदिरास ‘टिकाणा’ म्हणतात. तेथें गुरु ग्रंथसाहेब असे, जवळच राम, कृष्ण, शिव यांच्या मूर्ति किंवा तसबिरी असत, आणि वरुणाचा अवतार मानलेल्या झूलेलालाची ज्योतहि तेवत असे. नानकांचे पुत्र श्रीचंद यांच्या परंपरेंतील उदासी साधूंनीं हा मार्ग सिंधमध्यें रुजविला. सक्करजवळ सिंधुनदाच्या पात्रांतील साधुबेला हें त्यांचेंच प्रसिद्ध स्थान. १९४७ च्या फाळणींत हा समाज घरदार सोडून इकडे आला. कल्याणजवळच्या लष्करी छावणींत ज्यांनीं आसरा घेतला, त्यांच्या वसाहतीचेंच पुढें उल्हासनगर झालें. अशा नव्या वस्त्यांतून टिकाणेहि पुन्हा उभे राहिले.

या समाजावर २०२३ च्या जानेवारींत इंदूर येथें कठीण प्रसंग आला. टिकाण्यांत मूर्तींच्या सान्निध्यांत ग्रंथसाहेब ठेवणें हा मर्यादाभंग होय, असा आक्षेप कांहीं शीख मंडळींनीं घेतला. मर्यादा पूर्ण पाळा, नाहीं तर ग्रंथ परत करा, अशी मागणी झाली. आणि सिंधी बांधवांनीं अनेक टिकाण्यांतील ग्रंथ गुरुद्वारांत नेऊन पोंचविले. ज्या घराण्यांनीं नानकांचें नांव सोडलें नाहीं, त्यांस नानकांचा ग्रंथ सोडावा लागला!

येथें एका पक्षास दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. पण तें न्याय्य नव्हे. शिखांच्या दृष्टीनें ग्रंथसाहेब ही केवळ पोथी नव्हे. १७०८ सालीं नांदेड येथें गुरु गोविंदसिंगांनीं यापुढें ग्रंथ हाच गुरु असें सांगितलें, अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणून पहांटे ग्रंथाचा ‘प्रकाश’ होतो, रात्रीं त्यास ‘सुखासनीं’ नेतात, त्यावर चवरी ढाळतात, आणि मस्तक झांकल्यावांचून कोणी समोर बसत नाहीं. १९४५ सालीं शिरोमणि गुरुद्वारा प्रबंधक कमिटीनें मान्य केलेल्या रहित मर्यादेनें गुरुद्वारांत मूर्तीस स्थान दिलेलें नाहीं. जिवंत गुरूस देवांच्या रांगेंत एक देव म्हणून बसविल्यास शिष्यास तें कसें रुचावें?

उलट पक्षीं, सिंधी माउलीला ही रांग कधीं दिसलीच नाहीं. तिला सुखमनी मुखोद्गत, आणि झूलेलालाचा उत्सवहि तितकाच घरचा. शिवाय आचार शिखांतहि सर्वत्र एकसारखा नाहीं. आपल्या नांदेडच्या हुजूरसाहेबांत दीप ओंवाळून आरती होते, आणि ग्रंथसाहेबांबरोबर दशम ग्रंथहि मांडला जातो. अमृतसरास तसें होत नाहीं.

कोणी विचारील, खुद्द ग्रंथांतच नामदेव, कबीर, रविदास व शेख फरीद यांचीं पदें आहेत, मग मिश्रणास हरकत कां? शंका योग्य आहे. आपल्या नामदेवांचीं एकसष्ट पदें ग्रंथांत असावीं, हा आम्हां मराठी लोकांस अभिमानाचा विषयच आहे. परंतु १६०४ सालीं गुरु अर्जुनदेवांनीं हा संग्रह सिद्ध केला तो वाटेल तें एकत्र करून नव्हे. निराकार अशा एका परमेश्वराची भक्ति ही कसोटी लावून त्यांनीं वाणी निवडली, आणि ती रागवार लाविली. दार सर्वांस उघडें होतें. पण घराची शिस्त घराचीच राहिली.

नेमकी हीच गोष्ट आपण विसरतों. आपलें देवघर पंचायतनाचें. तेथें पांचांजवळ सहावा सहज मावतो. हें आपलें औदार्य खरें. पण पाहुण्याचा आचार काय, हें न विचारतां त्यास आपल्या पाटावर बसविणें, यांत औदार्याबरोबर थोडा आळसहि असतो.

म्हणून आमची सूचना इतकीच. ज्यांस गुरुवाणीची गोडी लागली असेल त्यांनीं गुटका, म्हणजे निवडक वाणीचें लहान पुस्तक, घरीं आणावा, तो स्वच्छ वस्त्रांत वेगळा ठेवावा, आणि हातपाय धुऊन, डोकें झांकून, अर्थ समजून वाचावा. संपूर्ण ग्रंथसाहेबांचें दर्शन मात्र गुरुद्वारांत जाऊन घ्यावें. नित्य सेवेचा भार पेलण्याची तयारी नसतां ग्रंथ देवघरांत आणूं नये. आपल्या स्तोत्रांत वाणीच्या ओळी मिसळूं नयेत. एक पाठ पुरा झाल्यावर दुसरा आरंभावा. मुलांनीं ‘हे आपले कीं त्यांचे?’ असें विचारल्यास दोन्ही वाटांचीं नांवें त्यांस स्पष्ट सांगावीं. ज्याची प्रार्थना आपण घेतली, त्याचा नेमहि तिच्याबरोबर घ्यावा. मग एका घरांत दोन उपासना सुखानें नांदतील.