बॅग त्याची त्यानं भरायची

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी लेकाचं दप्तर धुवायला काढलं. तळाशी झाकण हरवलेली तीन पेनं, एका पायाचा मोजा, काळं पडलेलं केळ्याचं साल आणि चार घड्या घातलेला एक कागद निघाला. कागद शाळेचा होता. दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरला सहल, सहा दिवस, ज्यांना यायचं असेल त्यांनी पासपोर्टची प्रत अमुक तारखेपर्यंत द्यावी. ती तारीख दुसऱ्या दिवशीची होती. कागद अठरा दिवस दप्तरात पडून होता.

"हे काय रे?"

"अगं हो, सांगायचंच होतं. मला जायचंय."

आमचे चिरंजीव नववीत आहेत, जूनमध्ये पंधरा पूर्ण झाली. स्वभावानं गरीब, कोणाशीही पाच मिनिटांत गप्पा जमवणारा, आणि विसरण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या वडोदऱ्यात सापडणार नाही. गेल्या वर्षी पाण्याच्या चार बाटल्या हरवल्या. डबा रिक्षात राहिला, तो रिक्षावाल्या काकांनीच घरी आणून दिला. पोहायला जाताना टॉवेल, चष्मा, टोपी सगळं घेऊन गेला, पोहण्याचे कपडे तेवढे घरी. हा मुलगा परदेशात? माझ्या पोटात गोळाच आला.

पासपोर्ट काढून पाहिला तर तो जानेवारीत संपत होता. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, आणि बरेच देश प्रवासाच्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने मुदत शिल्लक मागतात, हे आपण मोठ्यांच्या दहा वर्षांच्या पासपोर्टांच्या सवयीनं विसरून जातो. (हे विसरणं माझं. तेव्हा मी ते त्याच्या खात्यावर टाकलं होतं.) शाळेला विनंती करून मुदत वाढवून घेतली आणि नव्या पासपोर्टच्या मागे लागलो. आई-बाबा दोघांच्या सह्यांचं संमतिपत्र लागतं, तेही केलं. पंधरा ते अठराच्या मधल्या मुलांना दहा वर्षांचा पासपोर्टही घेता येतो, म्हणून तोच मागितला. तो वेळेत आला. व्हिसाचं शाळेनं एकत्रच करायचं ठरवलं होतं.

ऑक्टोबरमध्ये पालकांची सभा झाली. बेचाळीस मुलं, चार शिक्षक. आम्ही आया वह्या-पेनं घेऊन बसलो होतो: किती कपडे, कोणती औषधं, थंडी असते का. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एकच विनंती आहे. बॅग मुलालाच भरू द्या. ज्याची बॅग आईनं भरलेली असते त्याला स्वतःचा टॉवेल ओळखता येत नाही."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी येताना स्कूटरवर तेच डोक्यात घोळत होतं. गेली पंधरा वर्षं ह्याच्या वस्तू कुठे आहेत हे ह्याला नाही, मला ठाऊक असतं. कंपास कुठे आहे हे शोधायच्या आधी तो "आई" म्हणून हाक मारतो. मी सांगते, तो घेतो. मग त्यानं लक्षात ठेवावं कशासाठी? घरात एक डोकं हे काम करतंच आहे.

इथे एक सांगून ठेवते. सगळाच विसरभोळेपणा आळशीपणाचा नसतो. आखणी करणं, वेळेचा अंदाज घेणं, समोरचा मोह बाजूला ठेवणं ही कामं मेंदूच्या पुढच्या भागाची, आणि तो भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. काही मुलांना ह्यात इतरांपेक्षा खूपच जास्त अडचण येते, घरात, शाळेत, मैदानावर सगळीकडे येते. तिथे रागावून उपयोग नसतो, तज्ज्ञाला भेटावं. आम्हीही एकदा भेटून आलो होतो. आमच्या बाबतीत उत्तर साधं निघालं. वयाचा भाग थोडा, आईचा भाग बराच.

मग ठरवलं. बॅगेला हात लावायचा नाही.

ठरवणं सोपं असतं. नवरा म्हणाला, आधी रंगीत तालीम करून बघू. शनिवार-रविवार त्याला एकट्याला सुरतला माझ्या बहिणीकडे पाठवायचं, बॅग त्याची त्यानं भरायची. बहिणीला आधीच फोन करून बजावलं की काही विसरला तर देऊ नकोस. ती विरघळणारच होती, पण तिच्या नवऱ्यानं कडक धोरण ठेवलं. दातांचा ब्रश विसरला होता. खाली दुकानात जाऊन स्वतःच्या पैशांनी आणला. फोनचा चार्जर विसरला. दोन दिवस फोन बंद. हे त्याला चांगलंच लागलं. परत आल्यावर मी काही विचारायच्या आत त्यानं वहीचं मागचं पान फाडून यादी करायला घेतली, आणि पहिल्या ओळीत चार्जर.

ती यादी मी अजून ठेवली आहे. शब्द मराठी, अक्षरं गुजराती. बडोद्याच्या घराघरांत हे दिसेल. आमची मुलं घरात मराठी बोलतात, पण लिहायचं म्हटलं की हात शाळेच्या वळणानं जातो, शिरोरेषा गळून पडते. "टॉवेल, मोजे ६ जोड्या, लाल टी-शर्ट (एअरपोर्ट)." त्याखाली त्यानं शोधून काढलेल्या गोष्टी: तिथल्या भिंतीत तीन चौकोनी टोकांचा प्लग लागतो, तेव्हा अडॅप्टर. च्युइंगम न्यायचं नाही. तिथे १९९२ पासून बंदी आहे. मेट्रोत खायचं-प्यायचं नाही, पाचशे डॉलरपर्यंत दंड. पोलीस ९९९, ॲम्ब्युलन्स ९९५. हे सगळं मी सांगितलेलं नव्हतं.

दिवाळी आली. सहल भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी होती. सासूबाईंनी नातवाच्या खाऊचं खातं हातात घेतलं. खाकऱ्याची तीन पाकिटं, लीलो चेवडो, शंकरपाळे, आणि त्यांचे अनारसे. सासूबाईंचे अनारसे म्हणजे आमच्या मंडळातल्या जुन्या लोकांना सांगायला नको. पीठ आठवडाभर मुरवलेलं, खालून खसखशीची जाळी. त्यांनी पंचवीस अनारसे पुठ्ठ्याच्या खोक्यात नीट रचून, वर दोरा बांधून तयार ठेवले. "माझा नातू समुद्रापलीकडे चाललाय," असं त्या दुधवाल्यापासून सगळ्यांना सांगत होत्या. मी काळजी करायला लागले की म्हणायच्या, "अगं, सयाजीराव महाराज कवळाण्याहून बडोद्याला आणले तेव्हा बारा वर्षांचे होते. घर सुटलं, गाव सुटलं, गादीवर बसले. आपल्या पोराला फक्त सहा दिवस जायचंय." त्यांच्या सासऱ्यांचे वडील साताऱ्याकडून गायकवाड सरकारच्या हिशेब खात्यात नोकरीला आले, त्यामुळे आमच्या घरात कुठल्याही अडचणीवर महाराजांचा दाखला निघतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो संगणकापुढे बसला होता. सिंगापूरला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत प्रत्येक प्रवाशाचं एक आगमनपत्र ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट असतं. पैसे मागणाऱ्या नकली साइट्स बऱ्याच आहेत, तेव्हा सरकारी साइट नीट बघून घ्या. बाईंनी मुलांना ते स्वतः भरायला सांगितलं होतं. मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. पासपोर्टचा नंबर चुकवेल, जन्मतारखेत महिना आधी टाकेल, असं सारखं वाटत होतं. पण गेले नाही. कणीक मळली, पुन्हा मळली.

थोड्या वेळानं तो दारात येऊन उभा राहिला.

"आई, अनारशाला खालून काय लावतात?"

"खसखस. का?"

"मग नाही नेता येणार."

मला आधी वाटलं, ओझं नको म्हणून कारणं सांगतोय. तर नाही. पत्र भरून झाल्यावर काय आणू नये ते त्यानं वाचत आणलं होतं. सिंगापूरच्या अमली पदार्थ खात्यानं खसखस निषिद्ध मालात धरलेली आहे. झाड अफूचंच, आणि दाण्यांवर मॉर्फिनचे अंश राहू शकतात, हे कारण. अमली पदार्थांबाबत तो देश किती कडक आहे ते वेगळं सांगायला नको. आखाती देशांत खसखस चालत नाही हे दुबईला राहणाऱ्या दिरामुळे मला ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक असायला हवं होतं. त्याला खाऊ पाठवताना मी दरवेळी बघून पाठवते. ह्या वेळी डोक्यातच आलं नाही. यादीवर यादी करणारी मी, आणि चूक पकडली कोणी, तर ज्याचं दप्तर मी उपसत असते त्यानं.

खरा प्रश्न पुढे होता. आजीला सांगणार कोण? मी म्हटलं, गुपचूप खोकं घरी ठेवून घेऊ, त्यांना कळायचं नाही. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. तो स्वतः आजीच्या खोलीत गेला आणि फोनवरचा मजकूर तिला वाचून दाखवला, मराठीत सांगत सांगत.

सासूबाई क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अफू? माझ्या अनारशात?" आणि इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. पाणी सगळं हसण्याचं नव्हतं, ते दिसत होतंच. तो तिथेच बसून राहिला. म्हणाला, "आजी, पीठ उरलंय ना? तिळावर थाप." तीळ लावून अनारसे हे सासूबाईंच्या शास्त्रात बसत नाही. पण रात्री साडेनऊला त्यांनी कढई चढवली आणि बारा अनारसे तिळाचे केले. दोन फसफसून विरघळले, ते आम्ही तिथल्या तिथे खाल्ले.

बॅग त्यानं रात्री अकराला भरली. मी दारातून बघत होते. कपडे घड्या न घालता गुंडाळ्या करून कोंबले. ठीक आहे. पावसाळी जॅकेट तळाशी घातलं, म्हणजे नोव्हेंबरच्या तिथल्या पावसात सगळी बॅग उपसावी लागणार. तेही ठीक. मग त्यानं पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकली. पॉवर बँक विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. सभेत बाईंनी दोनदा सांगितलं होतं. त्याच्या यादीत ती होती, पण कुठे ठेवायची ते लिहिलेलं नव्हतं.

माझ्या जिभेवर आलं होतं. नवऱ्यानं माझा हात धरला. चूक निघालीच तर काउंटरवर निघेल, तिथे बाई आहेत, नुकसान काही नाही. हा हिशेब मी मनात तीनदा केला आणि झोपायला गेले. झोप कसली लागतेय!

अहमदाबादला विमानतळावर आपल्याला दारापर्यंतच जाता येतं. लाल टी-शर्टांचा घोळका आत गेला आणि आम्ही पालक काचेला नाक लावून उभे. सामानाच्या रांगेत त्याचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं काहीतरी विचारलं. तो थबकला, खिसे चाचपले, मग बॅग जमिनीवर आडवी करून गुडघ्यावर बसला. चेन उघडली. गुंडाळ्या एकेक करून बाहेर यायला लागल्या: शर्ट, बनियन, मोजे, अनारशांचं खोकं. मागची सगळी रांग बघतेय. शेजारची आई म्हणाली, "अरेरे, कोणाचा बिचारा?" मी म्हटलं, "माझाच." काचेपलीकडून तो एकदाही आमच्याकडे वळून बघत नव्हता. पॉवर बँक सापडली, पाठीवरच्या पिशवीत गेली, सगळं पुन्हा कोंबलं, चेनवर बसून ती लावली. मग उठून मागच्या मुलाला काहीतरी सांगितलं. तर तो मुलगाही खाली बसून बॅग उघडायला लागला, आणि त्याच्या मागचाही.

सहा दिवसांत त्याचे सहा मेसेज आले. बहुतेक एका ओळीचे. "पोचलो." "पाऊस." "अनारसे संपले, सगळ्यांना आवडले, आजीला सांग." बरोबर साडेसहाला यायचा, संध्याकाळी दिवा लावायच्या सुमाराला. रोज इतका नेमका कसा, ह्याचं मला नवल वाटत होतं. परत आल्यावर यादीचा कागद हाती लागला तेव्हा कळलं. शेवटची ओळ होती: "रात्री ९ = आईचे ६.३०."

आल्या आल्या बॅग त्यानंच रिकामी केली, म्हणजे दिवाणखान्यात उलटी केली. एक मोजा कमी. अडॅप्टर हॉटेलातच राहिला. आजीसाठी एक छोटी घडीची छत्री आणली होती, ती तिनं अजून वेष्टनातून काढलेली नाही. आणि टॉवेल दोन निघाले. एक आपला. दुसरा खोलीतल्या मित्राचा असेल म्हणून त्यानं विचारलं, तर मित्र म्हणाला माझा नाही. तिसरा म्हणाला माझाही नाही. मी पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकला, कोणी ओळखला नाही.

निळा आहे, काठाला पांढरी रेघ. धुऊन, घडी करून ठेवलाय. आपल्या मंडळातली आणखी तीन घरं त्या सहलीत होती, तेव्हा कोणाचा असेल तर दांडिया बाजाराकडे येताना घेऊन जा.