थैलीतले पत्र आणि यंत्रातील रांग

२९ नोव्हेंबर १७२८ रोजी याच अमझेऱ्याजवळ चिमाजी अप्पांनी माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. थोरले बाजीराव तेव्हा दूर, वऱ्हाडाच्या वाटेवर. वर्तमान जासुदांच्या थैलीतून जावयाचे. पण पत्र वाटेत आहे म्हणून लिहिणारा थांबत नसे. अप्पांची फौज उज्जैनीकडे वळली.

आजचा विषय याच व्यवहाराचा आहे. पीथमपूरच्या, २०२१ साली खुल्या झालेल्या ११.३ किलोमीटरच्या चाचणीमार्गावर धावणाऱ्या मोटारीची कल्पना करा. तिच्यातील एक कामगिरी चाकांची गती मोजते, दुसरी ब्रेकचा निर्णय घेते. (‘टास्क’ला मी जुन्या कागदांतला ‘कामगिरी’ हाच शब्द योजतो.) प्रोसेसर बहुधा एकच, रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम तो पाळीपाळीने देते. येथे मुदत टळली की बरोबर उत्तरही निरुपयोगी. दोघींनी एकाच पाटीवर लिहावे-वाचावे म्हटले, तर पहिलीचा आकडा अर्धा लिहून होतो तोच दुसरी तो वाचते, आणि अर्धा जुना, अर्धा नवा असा भलताच आकडा तिच्या हाती येतो.

म्हणून मध्ये रांग ठेवतात. ‘फ्रीआरटीओएस’ या प्रणालीत निरोपाची संपूर्ण नक्कल रांगेत उतरते. मग पाठविणारीने मूळ आकडा खुशाल बदलावा. निरोपाचा आकार व जागांची संख्या आधीच ठरलेली असते. सामान्यतः आधी आलेला आधी निघतो. तातडीचा मात्र पुढे घालता येतो. रांग रिकामी असेल तर वाचणारी ठरावीक वेळ निजते, तेवढा प्रोसेसर इतरांस मिळतो. निरोप येताच तिला जागे केले जाते. अनेक जणी थांबल्या असल्यास सर्वांत अग्रक्रमाची आधी. निरोप फारच मोठा असेल तर नुसता पत्ता धाडतात. परंतु वाचणारी पोहोचेपर्यंत ते घर पाडता कामा नये!

खरी कसोटी रांग भरल्यावर लागते. पाठविणारी कामगिरी थांबू शकते. इंटरप्टला ती मुभा नाही. जागा नसेल तर त्याला तत्काळ परतावे लागते आणि निरोप हरवू शकतो. रांग लांबविणे हा उपाय प्रथम सुचतो, पण तो क्षणिक गर्दीपुरताच. लिहिणारी सदैव वेगवान असेल तर कोणतीही रांग भरणारच, आणि वाचणारीच्या हाती शिळे वर्तमान पडेल. चाकाच्या गतीचा शेवटचा आकडाच कामाचा. तिथे एकाच जागेची रांग करून जुन्यावर नवा लिहावा. टक्कर झाल्याची सूचना मात्र अशी पुसून चालत नाही.