निळी तार

आमच्या घरात पहाटे पाचला उठणाऱ्या एकट्या माझ्या सासूबाई. साताऱ्यात असोत नाहीतर इथे मिशिगनमध्ये, पाच म्हणजे पाच. गेल्या जानेवारीत त्या आमच्याकडे होत्या. एका पहाटे मी पाणी प्यायला खाली आले, तर स्वयंपाकघरात दिवा न लावता आई गॅससमोर उभ्या. अंगावर स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला स्कार्फ आणि जळत्या बर्नरवर दोन्ही हात धरलेले. मला बघून त्यांनी पटकन गॅस बंद केला, जणू चोरी पकडली गेली.

“अहो आई, हीटिंग वाढवायचं ना!”

“मला नाही बाई त्या चकतीला हात लावायला जमत. बिघडली म्हणजे?”

ती चकती म्हणजे आमचा थर्मोस्टॅट. घर १९७० च्या दशकातलं. फर्नेस आधीच्या मालकांनी बदलली होती, पण बैठकीच्या खोलीतल्या भिंतीवरचा सोनेरी गोल थर्मोस्टॅट तसाच ठेवला होता. काम चोख करायचा बिचारा. पण त्याला फक्त ‘आत्ता’ कळायचं. रात्री झोपताना नवरा ती चकती फिरवून ६२ वर आणायचा आणि सकाळी सात वाजता पुन्हा ६८ वर. मधले दोन तास आईंचे. महिनाभर त्या रोज अशाच कुडकुडत होत्या आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

यावर उपाय घरातच पडून होता. थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये घेतलेला, वेळापत्रक लावता येणारा नवा थर्मोस्टॅट कपाटात खोक्यासकट बसला होता. “या वीकेंडला लावतो” असं म्हणत म्हणत आठ वीकेंड गेले होते. आणि आता नवरा चार दिवसांसाठी टेक्सासला निघालेला. एका कंपनीला फोन केला, तर नुसतं बसवून द्यायचे दोनशे चाळीस डॉलर. ज्या घरात एकच पगार येतो आणि दुसरी व्यक्ती एच-फोर व्हिसावर असते, तिथे दोनशे चाळीसचा विचार त्या दुसऱ्या व्यक्तीला जास्त करावा लागतो. निदान मला तरी लागतो. नवरा कधी काही म्हणत नाही, हेही खरं.

जाताना तो म्हणाला, “तू हात लावू नकोस. मी आल्यावर बघतो.”

मी मराठीची एम.ए., साताऱ्याजवळच्या एका शाळेत सहा वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेली. विजेचा आणि माझा संबंध म्हणजे टॉर्च धरण्याचा. लहानपणी लाइट गेली की बाबा स्टुलावर चढून किटकॅट फ्यूज काढायचे, दादा पक्कड द्यायचा आणि मी टॉर्च धरायची. “नीट धर गं, हलवू नकोस” एवढंच माझं प्रशिक्षण.

मंगळवारी मुलाला शाळेत सोडून आले आणि खोकं उघडलं.

आधी थोडं तारांविषयी सांगते, कारण भीती सगळी तिथेच असते. गॅसची फर्नेस आणि नळ्यांतून गरम हवा, अशी सोय असलेल्या घरात थर्मोस्टॅटला येणारी वीज २४ व्होल्टची असते. भिंतीतल्या प्लगसारखी १२० ची नव्हे. फर्नेसमधला छोटा ट्रान्सफॉर्मर ती खाली उतरवतो. तारांना अक्षरं असतात. ‘आर’ म्हणजे वीज आणणारी, बहुधा लाल. ‘डब्ल्यू’ गरम करायची, पांढरी. ‘वाय’ थंड करायची, पिवळी. ‘जी’ पंख्याची, हिरवी. थर्मोस्टॅटचं काम शाळेतल्या शिपायासारखं आहे. खोली गार झाली की तो लाल आणि पांढरी तार एकमेकींना जोडतो, म्हणजे ‘आर’ची वीज ‘डब्ल्यू’वरून फर्नेसपर्यंत जाऊन निरोप देते. पुरेसं गरम झालं की सोडतो. झालं. रंगांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. बसवणाऱ्याच्या हाताला लागली ती तार त्याने लावलेली असू शकते, म्हणून रंग नाही, अक्षर बघायचं.

शिपायाची उपमा मी उगीच दिली नाही. हा खोलीतला विजेवर चालणारा थर्मोस्टॅट ज्याने शोधला, तो वॉरन जॉन्सन विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या शिक्षक-महाविद्यालयात मास्तर होता. वर्ग गार आहे की गरम हे बघायला तिथला शिपाई वर्गात यायचा आणि मग तळघरात जाऊन भट्टीची झडप हलवायचा. शिकवण्यात व्यत्यय नको, म्हणून जॉन्सनने शिपायाला घंटेने कळवणारं यंत्र केलं. त्याचं पेटंट १८८३ चं. तास चालू असताना दार उघडून सूचनांची वही घेऊन येणारा शिपाई ज्यांनी अनुभवलाय, त्यांना जॉन्सन मास्तरांची तळमळ समजेल.

तर, तळघरात जाऊन फर्नेसचा ब्रेकर पाडला आणि फर्नेसशेजारचा स्विचही बंद केला. वर येऊन जुनी चकती ८० पर्यंत फिरवली. काही सुरू झालं नाही, म्हणजे वीज खरंच गेलीय. मग झाकण काढलं. आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली धातूची पट्टी. नववीच्या विज्ञानातली द्विधातू पट्टी! आमच्या स्टाफरूममधल्या विज्ञानाच्या बाई ती मेणबत्तीवर धरून वाकवून दाखवायच्या. दोन धातू कमीजास्त प्रसरण पावतात, म्हणून पट्टी वळते. तिच्या टोकाला काचेची कुपी आणि आत पाऱ्याचा थेंब. पट्टी वळली की कुपी कलते, पारा घरंगळतो आणि दोन तारांची टोकं जोडतो. मी आणि आई दोघी पाच मिनिटं तो पारा इकडून तिकडे पळताना बघत बसलो. (ज्यांच्याकडे असा जुना गोल थर्मोस्टॅट असेल त्यांनी तो कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. पारा विषारी असतो. आमचा मी खोक्यात जपून ठेवला आणि गावाच्या घातक कचरा संकलनात नेऊन दिला.)

फोटो काढले, तारांना अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, मग एकेक सोडवली. सुटलेल्या तारा घसरून भिंतीत जाऊ नयेत म्हणून मुलाच्या पेन्सिलीला गुंडाळल्या. तेवढ्यात भोकात टॉर्च मारणाऱ्या आई म्हणाल्या, “अगं, ही एक निळी तर उरलीच की.”

टॉर्च आता त्यांच्या हातात होता.

ही निळी तार म्हणजे ‘सी’. जुन्या थर्मोस्टॅटला स्वतःसाठी वीज लागतच नव्हती, म्हणून ती नुसतीच मागे गुंडाळून ठेवलेली. नव्याला पडदा आहे, वायफाय आहे, त्याला सतत वीज हवी आणि ती परत जायला वाट हवी. ती वाट म्हणजे ‘सी’. निळी तार सापडल्यावर मला लॉटरीच लागल्यासारखं झालं. पाणसळ धरून नवी पाटी सरळ बसवली, भिंतीत गिट्ट्या ठोकल्या, पाच तारा पाच खाचांत सरकवल्या, भिंतीचं भोक कापसाने बुजवलं. हे बुजवणं महत्त्वाचं. नाहीतर भिंतीच्या पोकळीतली गार हवा थर्मोस्टॅटच्या पाठीला लागते आणि खोली गरम असली तरी त्याला थंडीच वाजत राहते. जुन्या चकतीखालचा फिकट गोल डाग तेवढा पाटीच्या चारही बाजूंनी दिसत राहिला. तो अजून आहे.

ब्रेकर चढवला. पडदा काळाच.

कागद पुन्हा वाचला आणि डोक्यात प्रकाश पडला. निळी तार वर वापरात नव्हती, म्हणजे खाली तरी कुठे जोडलेली असणार? पुन्हा ब्रेकर पाडला. फर्नेसचं खालचं दार काढलं. आत कंट्रोल बोर्ड, त्यावर तीच अक्षरं, आणि निळीचं दुसरं टोक खरंच केबललाच गुंडाळलेलं. सोललं, ‘सी’च्या स्क्रूखाली घातलं, आवळलं. दार लावलं, कारण दार उघडं असेल तर आतला सुरक्षेचा स्विच फर्नेसला चालूच होऊ देत नाही. ब्रेकर चढवला, धावत वर आले.

काळाच. पुन्हा खाली गेले, तर दाराच्या काचेतून दिसणारा बोर्डावरचा लहान दिवाही गेला होता. सकाळपर्यंत तो लुकलुकत होता.

पोटात गोळा आला. बाहेर उणे अकरा सेल्सियस. दुपारचा एक वाजलेला. आपण फर्नेसच जाळली, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती. नव्या फर्नेसचे काही हजार डॉलर होतात हे मला ठाऊक होतं, आणि “हात लावू नकोस” हे वाक्यही कानात होतं. नवऱ्याचा मेसेज आला, “सगळं ठीक?” मी अंगठा पाठवला. खोटं बोलले, कबूल करते. मुलाच्या खोलीतल्या घड्याळावर तापमान दिसतं, ते बघायला मी दर दहा मिनिटांनी वर जात होते. ६५. ६४.

आईंनी चहा केला आणि समोर ठेवला. मी सगळं सांगून टाकलं. अगदी रडू येईल इतपत. त्या शांतपणे म्हणाल्या, “फ्यूज बघितलास का? आपल्याकडे लाइट गेली की आधी तेच बघतात.”

या बोर्डाला फ्यूज असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुन्हा तळघर. या वेळी आईही जिना उतरल्या, गुडघे दुखत असताना. टॉर्च त्यांनीच धरला. बोर्डाच्या कोपऱ्यात जांभळ्या रंगाचा, नखाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, त्यावर ३ चा आकडा. मोटारीत असतो तसलाच. उपसून उजेडात धरला, तर आतली तार तुटलेली. आणि कारणही तिथेच दिसत होतं. मी निळी तार चांगली इंचभर सोलली होती, पक्की बसावी म्हणून. तिचं उघडं टोक शेजारच्या ‘आर’ला टेकलेलं. लाल आणि निळी थेट भेटल्या की फ्यूज उडणारच. त्याने स्वतः जळून बोर्ड वाचवला होता.

मुलाला शाळेतून घेतलं आणि तसेच मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. पाच फ्यूजचं पाकीट, पाच डॉलरच्या आत. ३ अँपिअरचेच हवे होते. शेजारी ५ चे बदामीही टांगलेले होते आणि खाचेत तेही बसतात, पण ते घालायचे नाहीत. आमच्या वाड्यात एकांनी सारखा फ्यूज उडतो म्हणून तिथे जाड तांब्याची तार बांधली होती, तेव्हा बाबांनी त्यांना कसं फैलावर घेतलं होतं ते मला अजून आठवतं. फ्यूज जळला नाही तर दुसरं काहीतरी जळतं.

घरी आलो तेव्हा घड्याळ ६० दाखवत होतं. ब्रेकर बंद. निळ्या तारेचं जादा टोक कापलं, स्क्रूखाली जाईल एवढंच उघडं ठेवलं. नवा फ्यूज. दार. ब्रेकर. काचेतला दिवा लुकलुकला आणि वरून मुलगा ओरडला, “आई, हॅलो आलं!”

पडद्यावर खरंच ‘हॅलो’ लिहिलेलं होतं. चार प्रश्नांची उत्तरं दिली. इंधन गॅस, हवा नळ्यांतून, एसी आहे, हीट पंप नाही. तापमान वाढवलं आणि आम्ही तिघं तळघरातच उभे राहिलो. आधी लहान पंख्याची घरघर, मग एक लाल तापलेला ठिपका, मग निळ्या ज्वाळांची रांग पेटलेली. हवा मात्र लगेच येत नाही. ज्वाळांनी आधी आतलं लोखंड तापावं म्हणून मोठा पंखा थोडा थांबतो. तो अर्धा मिनिट मला तासासारखा गेला. एसी त्या दिवशी तपासला नाही, बाहेर थंडी असताना तो चालवायचा नसतो. मे महिन्यात लावून बघितला, तेव्हाही पाच मिनिटं काहीच होईना. कॉम्प्रेसरच्या रक्षणासाठी थर्मोस्टॅट मुद्दामच थांबतो, हे कळेपर्यंत मी पुन्हा टॉर्च शोधायला लागले होते.

पुढच्या हळदीकुंकवाला हे सगळं रंगवून सांगितलं. तिळगुळाबरोबर तीन मैत्रिणींनी आपापल्या तारांचे फोटो पुढे केले. एकीचं मी करून दिलं. दुसरीकडे हीट पंप निघाला. त्यात ‘ओ’ किंवा ‘बी’ अशी वेगळी तार असते आणि ती चुकली तर थंडीत गार हवा येते. तिला माहितगाराकडून करून घे म्हटलं. तिसरीच्या भिंतीतून दोन जाडजूड तारा आल्या होत्या, टोप्या लावलेल्या. तो भिंतीच्या कडेचा विजेचा हीटर, थर्मोस्टॅटला थेट २४० व्होल्ट. तिथे मी झाकण तसंच लावलं आणि चहा पिऊन घरी आले.

बचतीचंही सांगते, कारण नवऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो. दिवसाचे आठ तास तापमान ७ ते १० अंश फॅरनहाइट खाली ठेवलं तर वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, असं इथलं ऊर्जा खातं सांगतं. आम्ही सहाच अंश उतरवतो, तेही पहाटे साडेचारपर्यंतच. आमची बचत थोडी कमी असेल. असू दे.

त्या रात्री वेळापत्रक लावताना आईंनी विचारलं, “अडुसष्ट म्हणजे आपले किती गं?”

“वीस.”

“मग वीसच लिही ना त्यावर. मला कळेल तरी.”

पडदा सेल्सियसवर नेला. दुसऱ्या दिवशी पाचला मी मुद्दाम उठून आले. आई आंघोळ करून देवापुढे बसल्या होत्या, शाल खुर्चीवर.

शुक्रवारी रात्री नवरा परतला. बूट काढता काढता त्याची नजर भिंतीकडे गेली आणि तो तिथेच थबकला.

“अरे! वीस? हीटिंग बंद पडलंय! मी सांगितलं होतं हात लावू नकोस म्हणून...”

“ओरडू नकोस,” आई आतून म्हणाल्या. “वीस बरोबर आहे. जास्त हवं असेल तर वाढव. बिघडत नाही ते.”